मागे फिरवलेलं घड्याळ

३ मार्च
चि. चिमणीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.
ऑपरेशननंतर बाबा सावरताहेत, पण जीभ अजून अडखळते. तेवढ्यात दादानं डाव साधला. घड्याळांचं दुकान बाबांनी त्याला बक्षीस दिल्याचा कागद त्यानं पुढे केलाय. खाली बाबांची डिजिटल सही, तारीख आजारपणाआधीची. बाबा जोरजोरानं मान हलवून नाही म्हणतात. दादा म्हणतो, म्हाताऱ्याला आता काही आठवत नाही. सहीचं कार्ड बाबांच्या खणात असतं आणि त्याचा गुप्त आकडा घरात सगळ्यांनाच पाठ!
दुकान रिकामं कर, असं मला बजावलंय. भिंग लावून आयुष्य काढलं मी तिथे. वर हसून म्हणतो, सही चिमणीनंच लिहिलेल्या फुकटच्या प्रोग्रामात झालीय. माझं रक्त उसळतंय गं. फाइल मेलनं पाठवलीय, बघ.
तुझीच, ताई

९ मार्च
ती. ताईस,
शि. सा. न.
फाइल उघडली आणि आधी हसले, मग रडू आलं. घड्याळजीच्या मुलानं कॉम्प्युटरचं घड्याळ मागे फिरवलं! माझा प्रोग्राम त्या घड्याळावर विसंबतच नाही. सही होताना तो बाहेरच्या सेवेकडून खरी वेळ घेऊन सहीत बांधून टाकतो. ती वेळ बाबा ऑपरेशनच्या टेबलावर बेशुद्ध होते तेव्हाची आहे. आपण दोघी बाहेर बाकावर होतो आणि दादा कपडे आणायला घरी गेला होता, आठवतं?
आत्ता तोंड उघडू नकोस, नाहीतर चुकून झालं म्हणत सुटेल. बाबांनी त्याच्यासमोर सही केली, असं नोंदणी कचेरीत त्याला लेखी देऊ दे. मग फाइल तपासायला सांग. लहानपणापासून त्याची जिरवायची आहे मला.
लोभ आहेच, राग तेवढा जपून ठेव.
चिमणी

२ एप्रिल
चि. चिमणीस,
आशीर्वाद.
कचेरीत सहीची वेळ बाहेर आली आणि सगळ्यांदेखत माझी शोभा झाली. प्रोग्राम तुझा आहे. एक ओळ बदल आणि वेळ चुकीची पडत होती असं जाहीर कर. सख्ख्या भावाला तुरुंगात धाडशील? राग गिळ आणि माया राहू दे.
दादा

६ एप्रिल
ती. दादास,
सा. न.
माझा प्रोग्राम उघडा आहे. कुणी कुठली ओळ का बदलली, ते कुणालाही वाचता येतं. लपून काही करता येत नाही, आणि आलं असतं तरी केलं नसतं. शुद्धीवर येताना बाबांनी पहिली हाक तुला मारली होती. त्या वेळी तू कार्ड खिशात घालून उभा होतास.
बाबांनी दुकान ताईच्या नावे केलंय. कार्डाचा आकडा नवा आहे, तो त्यांनी स्वतः दाबला. साक्षीदाराची जागा मी रिकामी ठेवायला लावली. तिथे तुझी सही हवी. केलीस तर तक्रार करणार नाही, असं बाबा म्हणतात. माझ्या हातात असतं तर तक्रार आजच केली असती.
प्रोग्राम अजून फुकटच आहे. या वेळी घड्याळाला हात लावू नकोस.
बाबांचा लोभ तुझ्यावर अजून आहे. माझा मागू नकोस.
चिमणी