चुलीपुढचे मिलीग्रॅम

आई, आज दवाखाना लवकर बंद केला आणि तुला लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं, आणि जाऊनही आता खूप वर्षं झाली, तेव्हा घाई कुणालाच नाही. झालं असं, की सकाळी एक लहान मुलगी दाढ दाखवायला आली. काही केल्या तोंड उघडेना. मागून तिची आई म्हणाली, "उघड की बये, मी हाय न्हवं हितं." पोरीनं तोंड उघडलं आणि माझाच हात थांबला.

पुणतांब्याचं आपलं स्वयंपाकघर दिसायला लागलं. दुष्काळाचं वर्ष, गोदावरीत पाण्यापेक्षा वाळू जास्त. मी दातांच्या कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेला बसणार होते आणि वडिलांनी बजावून ठेवलं होतं, "एकदाच बसायचं. लागलं तर लागलं, न्हाई तर दिवाळीनंतर पाव्हनं बोलवायचं." पाहुणे संगमनेरकडचे होते, मुलगाही चांगला होता. वाईट असता तर नाही म्हणायला सोपं गेलं असतं! मला जीवशास्त्र यायचं, रसायनशास्त्र यायचं, पण घोडं अडायचं ते मापांपाशी. ग्रॅमचे मिलीग्रॅम करायचे म्हटलं की एखादं शून्य कुठं सांडायचं कळायचंच नाही. आपल्या घरात तर किलो येऊन कैक वर्षं झाली तरी ज्वारी मापट्यानंच मोजायची. एकदा मी तुला विचारलं, मापट्यात किती ग्रॅम बसतात गं? तू म्हणालीस, "पाच भाकरीचं पीठ बसतं." हे मात्र कुठल्या पुस्तकात नव्हतं.

मी रडवेली झाल्यावर तूच म्हणालीस, "मला सांग काय इचारायचं, मी इचारते." दोन दिवस मी मोठ्यानं वाचलं आणि तू ऐकलंस. तिसऱ्या दिवसापासून तू परीक्षक. मी चुलीशेजारी पाटावर, तू माझ्याकडे पाठ करून भाकरी थापते आहेस. "औंसाचं ग्राम किती?" असं विचारून तुझी थाप थांबते. मी उत्तर दिलं की तू "हं" म्हणतेस आणि थाप पुन्हा सुरू होते. चुकलं की नुसतं "फिरून म्हन." आणि मी खरंच चुकलेली असायची. तुझी ही पाठांतराची ताकद पाहून मी थक्क झाले होते. मग एकदा गंमत म्हणून मी ठणकावून सांगितलं, एका ग्रॅमचे शंभर मिलीग्रॅम. तू म्हणालीस, "हं."

"अगं, चुकलं की ते! हजार असतात!"

तू वळलीसही नाहीस. "मला काय ठावं ग्राम न् मिली? तू अडखळलीस की मला कळतं. आता तू खोटं ठासून बोलली तर मी काय करनार?" मग तव्यावरची भाकरी उलटून म्हणालीस, "पन सोत्ताला फसवू नगंस. बाकीच्यांचं बघून घिऊ."

मी इतकी हसले की वडील बाहेरून ओरडले. तूही हसलीस, पडलेल्या दातावर पदर धरून. त्या क्षणी तू मला जितकी आवडलीस तितकी क्वचितच कधी आवडली असशील.

परीक्षा पुण्यात होती. पाव ग्रॅमचे मिलीग्रॅम करा, असा प्रश्न आला. मी पंचवीस लिहिलं आणि पुढं गेले. मग सवयीनं तेच उत्तर ओठातल्या ओठात म्हणून पाहिलं. अडखळले. समोर तुझी पाठ, थाप थांबलेली. फिरून म्हणाले, आणि सांडलेलं शून्य सापडलं. यादीत माझं नाव जवळजवळ तळाला लागलं. शेवटून दुसरं. त्या एका शून्यामुळंच लागलं असं मी म्हणणार नाही, पण नसतं तर लागलं असतं, असंही मला म्हणवत नाही. संगमनेरकडे निरोप घेऊन वडीलच गेले. तू त्यांच्याबरोबर पाहुण्यांसाठी भाकरी बांधून दिल्यास, जणू नकारही उपाशीपोटी द्यायचा नसतो.

हे पत्र धाडायचं कुठं? आणि पोचलं तरी वाचून दाखवायला मलाच यावं लागेल. तोवर कपाटात राहू दे.

एक मात्र सांगते. दाढ काढण्याआधी भुलीचं औषध सुईत भरताना मी अजून ओठातल्या ओठात म्हणते, दोन टक्के, एका मिलीत वीस मिलीग्रॅम. आणि क्षणभर थांबते. माझी मदतनीस समजते, बाई देवाचं नाव घेतात. तिला सगळं सांगायचं मला अजून जमलेलं नाही. मी तुझ्या "हं"साठी थांबलेली असते.