उत्पन्न शून्य असलेला चर

२ जून, सकाळी ६.१०
आजपासून शेतीची नोंद मी स्वतः ठेवणार. गोदामात एकतीस वर्षे माल तपासला. तीन एकर जमीन तपासणे त्या मानाने सोपे. बदलत्या हवामानात शेती कशी करावी, याचे तीन दिवसांचे प्रशिक्षण पूर्ण केले. धाकटा भाऊ पहिल्याच दुपारी टोमॅटोची रोपे पाहायला म्हणून उठून गेला. प्रमाणपत्र माझ्याकडे आहे, रोपे त्याच्याकडे.
उद्दिष्टे: एक, उत्पन्नात बेचाळीस टक्के वाढ. दोन, पाऊस कमी पडो वा जास्त, पीक उभे राहणे. तीन, धाकट्यावर हात न उचलणे.

५ जून
शेताच्या मधून वडिलांनी खणलेला चर जातो. लांबी साठ मीटर, रुंदी दीड, उत्पन्न शून्य. नव्वद चौरस मीटर जमीन वर्षभर पाणी वाहून जाण्याची वाट पाहत पडलेली असते. नव्या नकाशातून मी तो वगळला.
धाकटा म्हणाला, दादा, चर बुजवलास तर तुला त्यातच पुरीन. मी शांतपणे आकडे दाखवले. त्याने ढेकूळ मारले. डाव्या कानाला लागले. प्रशिक्षणाच्या मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, काका, निचरा ठेवा हो, पहिल्याच दिवशी तेच तर शिकवलं. मॅडमनी आमचे शेत प्रत्यक्ष पाहिलेले नाही, हे लक्षात घेतले पाहिजे.

९ जून, दुपार
चर बुजवला. ट्रॅक्टरवाल्याने दोनदा विचारले, नक्की ना? धाकटा पहार घेऊन फाळासमोर उभा राहिला. ट्रॅक्टरच्या दिव्याची काच फुटली. सौ.ने त्याला मागून मिठी मारून धरले. सुटताना त्याचे कोपर तिच्या ओठावर बसले. रक्त पाहून तो खाली बसला.
त्यानंतर करार झाला. या हंगामात अडीच एकर माझ्या पद्धतीने. पीक गेले तर मोजणीदार बोलावून शेताचे दोन तुकडे करायचे. आजोबांपासून एक असलेले शेत तुझ्यापायी तुटेल, मग माझ्या बांधावर पाय ठेवू नकोस, असे तो म्हणाला. मी तत्काळ सही केली. शेत तुटण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.
वरच्या अंगाचा अर्धा एकर त्याने सोडला नाही. तेथे टोमॅटोच्या ओळींमधून चवळी, वाऱ्याच्या बाजूने मका, भोवती फावड्याने काढलेला चर. माझ्या कागदांत त्याचे नाव ‘तुलनेसाठी राखलेला तुकडा’.

२१ जून
पर्जन्यमापक, ओलाव्याचा सेन्सर आणि कंट्रोलर एकाच खोक्यात आले. पावसाची नोंद नसेल तर तिसऱ्या दिवशी ठिबक आपोआप सुरू होते. माणसाने मध्ये पडू नये, हा या यंत्रणेचा गाभा. सेन्सरची वायर अपुरी पडली. तो तूर्त खोक्यातच.
वॉरंटीचे कलम चार: उपकरण पाण्यापासून जपावे. त्यानुसार पर्जन्यमापक व कंट्रोलर दोन्ही पंपाच्या खोलीत, पत्र्याखाली, पातळी तपासून बसवले. सौ. म्हणाली, अहो, पाऊस मोजायचं भांडं घरात कशाला? तिला कलम चार वाचून दाखवले. ती म्हणाली, बरं.
तिच्या ‘बरं’ या शब्दात सुधारणेला वाव आहे.

८ जुलै, सकाळी ७.००
उंदरांनी ठिबकच्या नळ्या कुरतडल्या. मॅडम म्हणाल्या होत्या, सापळे लावा. सापळा हा वेळकाढूपणा. फावडे घेऊन स्वतः उतरलो. चाळीस मिनिटे जोरदार कारवाई. शत्रूपक्षाचे नुकसान: एक उंदीर, तोही आधीच लंगडा. आपल्या बाजूचे नुकसान: नळीला अकरा ठिकाणी छेद, उजव्या पायाचे नख.
धाकटा बांधावर बसून पाहत होता. म्हणाला, दादा, उंदरांना सांग, तुम्ही राहू द्या, आमचा माणूस करतोय. मी फावडे त्याच्या दिशेने फेकले. लागू नये अशा बेताने. उद्दिष्ट तीन अबाधित.

२७ जुलै
माझ्या अडीच एकरात टोमॅटो छातीपर्यंत. झाडांना आधाराची तारकाठी बांधून झाली, ओळी पट्टीने आखल्यासारख्या. राखलेल्या तुकड्यात चवळीने टोमॅटोला, मक्याने चवळीला धरलेले. कोण कोणाच्या अंगावर पडतो आहे, कळत नाही. धाकट्याला सुचवले की पराभवाची तयारी मनाने आतापासून करावी. तो हसला नाही. माझ्या ओळींतून शेवटपर्यंत चालून आला. म्हणाला, झाडं चांगली आलीत रे. अजूनही चर उकर दादा, मी येतो मदतीला. हंगामाच्या मध्यात धोरण बदलणे माझ्या तत्त्वात बसत नाही.

२ ऑगस्ट
पावसाचा तिसरा दिवस. रीडिंग घ्यायला पंपाच्या खोलीकडे निघालो. वाटेत छत्री उलटली, चष्मा वाहून गेला, दोनदा पडलो. पर्जन्यमान: ०.०. मोबाइलवर इशारा आला: कोरडा कालावधी, पिकास पाणी सुरू केले आहे.
क्षणभर गोंधळलो. परंतु डोळ्यांना दिसते ते आणि नोंदले जाते ते यांत फरक पडल्यास नोंद ग्राह्य धरावी, हे एकतीस वर्षांत शिकलो आहे.

५ ऑगस्ट, सकाळी ८.३०
वाऱ्याने वाफ्यांवर अंथरलेला मल्चिंगचा कागद सोलून काढला. तारकाठीच्या ओळी एकामागून एक मोडत गेल्या. आवाज हाडे मोडल्यासारखा. एक बांबू पंपाच्या खोलीच्या दारातून आरपार घुसला. जेथे चर होता तेथे पाणी येऊन थांबले, वाट शोधली, मिळाली नाही, मग अडीच एकरात पसरले. गुडघ्याएवढ्या पाण्यात ठिबक सुरू होते.
धाकटा पहार घेऊन आला. त्याने आधी पर्जन्यमापक पाहिले, मग वरचा पत्रा, मग मला. दादा, तू पावसाला छताखाली बोलावलं होतंस काय, असे म्हणाला. मग पहिला घाव कंट्रोलरवर घातला. दुसराही. तिसऱ्या घावाआधी मी त्याच्या दंडाला चावलो. ही कृती पूर्वनियोजित नव्हती. त्याने मला उचलून चिखलात आपटले आणि छातीवर बसला. माझा वरचा डावा सुळा गेला. त्याचा गळा माझ्या हातात आला होता, पण पकड बसेना; चिखल फार होता. सौ. ओरडली, आधी पाणी काढा, मग एकमेकांचे मुडदे पाडा. पाणी काढायला जागा नव्हती.
उद्दिष्ट तीन: तांत्रिकदृष्ट्या हात उचलला नाही, दात लावला.

१२ ऑगस्ट
अडीच एकरातील झाडे मुळापासून कुजली. वास घरापर्यंत येतो. राखलेल्या तुकड्यात मका आडवा झाला, पण वारा त्याने अंगावर घेतला. टोमॅटो एक तृतीयांश गेले, उरलेले उभे. चवळीला काहीच झाले नाही. धाकटा ती बाजारात नेतो आहे आणि दोन्ही घरांचा किराणा त्यावरच येतो आहे. तरीही अर्धा एकर हा नमुना फारच लहान. तुलना ग्राह्य धरता येणार नाही.
मॅडम येऊन गेल्या. धाकट्याच्या तुकड्याचे फोटो काढले. पत्रा पाहून म्हणाल्या, काका, चूक माझीच, ‘मोकळ्या जागेत’ हे मी मोठ्यानं सांगायला हवं होतं. मी त्यांना माफ केले.

१४ सप्टेंबर
मोजणीदाराने खुणेचे दगड ठोकले. घणाचा प्रत्येक घाव सुळ्याच्या रिकाम्या जागेत लागत होता. धाकट्याला म्हणालो, पुढच्या वर्षी पर्जन्यमापक बाहेर लावतो, एक हंगाम आणखी थांब. तो मोजणीदाराला म्हणाला, ठोका.
चिठ्ठी टाकली. खालचा दीड एकर मला. वरचे सगळे पाणी तेथेच येते.

२२ सप्टेंबर, सकाळी ६.४०
परवापासून पुन्हा जोराचा पाऊस, असा इशारा आहे. माझ्या वाट्याच्या तुकड्यातून चर आज उकरणे भाग. नकाशा काढला. नकाशात चर नाही. मीच वगळला होता. चिखलाने सगळे सपाट केलेले. तीन ठिकाणी खणले, तिन्ही चुकीची. चौथ्या वेळी फावड्याचा दांडा मोडला.
सौ. आली. पायाने माती दाबत थोडी चालली आणि थांबली. इथून, म्हणाली. चोवीस वर्षं याच्या काठाला बसून डबा खाल्लाय मी.
नव्या बांधापलीकडे धाकटा उभा होता. दंडावर माझ्या दातांची खूण अजून दिसते. चावलो तेव्हा सुळा शाबूत होता; खूण एक दात कमी असलेली नाही, पूर्ण. त्याने बांधावर पाय ठेवला नाही. फावडे अलीकडे सरकवले आणि म्हणाला, झालं की तुमचं, ठेवून द्या इथंच.
तुझं नाही, तुमचं. मी म्हणालो, बरं.
चराची लांबी माझ्या वाट्यात तीस मीटर. सायंकाळपर्यंत खणून झाले: दोन.