बेताच्या किमतीत जुना आवाज

३ मार्च, सोमवार
निर्णय झाला. दादाच्या गिटारसारखी दुसरी इलेक्ट्रिक गिटार घ्यायची. रंग तोच, आवाज जुना, किंमत बेताची. मुदत २३ तारखेपर्यंत. त्या रविवारी वहिनी दादाची गिटार न्यायला येणार आहे. वेळ भरपूर आहे.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मनात गोंधळ नको. दादाला जाऊन अकरा महिने झाले. वहिनी माहेरी गेली तेव्हा गिटार माझ्याकडे ठेवून गेली. मी फर्निचरला पॉलिश करतो. खरवडलेली वस्तू समोर दिसली की माझे हात शिवशिवतात. गेल्या महिन्यात ती घासली, चरे बुजवले, लॅकरचे हात दिले. दादाचं कोपर टेकून टेकून जिथे रंग उडाला होता, ती जागा अशी भरली की आता मलाही सापडत नाही. साफ करताना तारांखालच्या पिकअपवर थिनर सांडलं. आवाज पकडायचं काम त्याचंच. तो मेला. नवा बसवला.

काम उत्कृष्ट झालं आहे. फक्त ती आता दादाची वाटत नाही.

४ मार्च. सकाळी ७
गिटार खुंटीवर आहे. चहा पिताना तिच्यात माझा चेहरा दिसतो. नाकापासून खाली हुबेहूब दादा. हा लॅकरचा गुण. वर चादर टाकली.

संध्याकाळी ६: चादरीखाली जास्तच कुणीतरी असल्यासारखं वाटतं. काढली.

८ मार्च, शनिवार
वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार जाड भिंगांचा, बोलका. काय वाजवता म्हणाला. मी म्हटलं, ऐकतो. जुना आवाज म्हणजे नेमका कसला, असं त्याने विचारलं. शेजारच्या खोलीत कुणी केस पुसत गुणगुणतंय तसा, असं सांगितलं. साहेब, असलं मॉडेल येत नाही म्हणाला.

मग सिंगल कॉइल पिकअपच्या गिटारी दाखवल्या. त्या जरा घरघरतात म्हणे. तारांना हात लावला की गप्प, सोडला की पुन्हा सुरू. मी हात सोडला. दादा बोलण्याआधी असाच घसा खाकरायचा. खुर्ची मागून घेतली. उन्हाचा परिणाम.

९ मार्च, रविवार
चार गिटारी नीट ऐकल्या. तक्ता केला. पहिली: ताटावर चमचा. दुसरी: तसाच, पण मोठा चमचा. तिसरी: गोड, पण खोटी, लग्न जमवणाऱ्या मावशीसारखी. चौथी: दादा, सर्दी झालेला.
चौथीवर विचार करायला हरकत नाही. हा निर्णय संपूर्ण तांत्रिक आहे.

१२ मार्च, बुधवार
दुकानदाराने आज एक वेगळीच काढली. कारखान्यातूनच खरवडून आलेली. रंग उडालेला, स्क्रू गंजलेले, आणि किंमत कोऱ्या गिटारीहून जास्त. का म्हणून विचारलं, तर म्हणे चरे पाडायला मजुरी पडते. मी आठ वर्षं चरे घालवायची मजुरी घेतो.

आमच्या कारखान्यातल्या मिस्त्रींना सांगितलं. ते पोट धरून हसले. म्हणाले, मग आजपासून मी टेबल बनवतो, तू लाथा घाल, दोघं श्रीमंत होऊ.
ठराव: चौथी, कोरी घ्यायची. चरे घरी पाडायचे.

१५ मार्च, शनिवार
चौथी घेतली. बेतात बसत नव्हती. जुनी द्या, वरचा फरक भरा, असं दुकानदार म्हणाला. दादाची दिली. हेच व्यवहारी होतं. घरात दोन असत्या तर वहिनीला काय सांगणार?

त्याने पॉलिशवरून हात फिरवला आणि हे कुणाचं काम म्हणून विचारलं. असला हात बघितला नाही म्हणाला. मी म्हटलं, तो माणूस गेला. असं का म्हणालो, माहीत नाही.

तो दादाची गिटार कपाटात ठेवत होता तेव्हा तारा वाजल्या. मी मागे वळलो नाही. बस चुकली असती.

१८ मार्च, मंगळवार. सुट्टी टाकली
दादाचा फोटो समोर ठेवून चरे पाडले. चाव्यांचा जुडगा, सायकलची साखळी, स्क्रूंना मिठाचं पाणी. सगळं पट्टीने मोजून.

कोपराची जागा कागदाने घासून खरी वाटेना. म्हणून दादासारखा बसलो, बाहीवर पॉलिशपेपर गुंडाळला आणि कोपर फिरवत राहिलो. माझं कोपर दोन बोटं वर पडत होतं. पायाखाली थिनरचा डबा घेतला. मग बरोबर बसलं. अकराला बसलो, उठलो तेव्हा तीन वाजले होते. घासण्याचं काम अर्ध्या तासाचंच होतं.

२२ मार्च, शनिवार
मिस्त्री घरी येऊन गेले. दारातच थबकले. अरे, हा दादा कुठून आणून बसवलास, म्हणाले. चहा न घेता गेले. याहून मोठी पावती नको. उद्याची चिंता मिटली.

२३ मार्च, रविवार
वहिनी आली. गिटार मांडीवर घेतली. वाजवली नाही. एकेका चऱ्यावरून बोट फिरवत राहिली. मी अकरा प्रश्नांची उत्तरं तयार ठेवली होती. तिने बारावा विचारला. भाऊजी, हिला पॉलिश नाही केलंत?

मग म्हणाली, ह्यांची फार इच्छा होती हो. दरवर्षी म्हणायचे, धाकट्याकडे देतो, त्याच्या हातात जादू आहे. आणि दरवर्षी स्वतःच नको म्हणायचे. तो गिऱ्हाइकं सोडून हिच्यामागे लागेल म्हणायचे. म्हणून तर मी मुद्दाम तुमच्याकडे ठेवून गेले. म्हटलं, तुम्हाला राहवणार नाही. आणि तुम्ही नुसता बोळासुद्धा फिरवला नाहीत?

रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. कामं फार होती, असं मी म्हटलं. गुरुवारपर्यंत आहे मी, तेवढं करून द्या, म्हणाली. हो म्हटलं.

२४ मार्च, सोमवार. सकाळी १०
दुकान उघडण्याआधीच दारात उभा होतो. दादाची गिटार परवा शनिवारी विकली गेली. कुणी नेली ते दुकानदाराला ठाऊक नाही. परगावचं गिऱ्हाईक होतं. वाजवूनसुद्धा बघितली नाही, नुसत्या चकाकीवर नेली, असं तो कौतुकाने सांगत होता. मी आभार मानले.

संध्याकाळी ६
काम सुरू केलं. वहिनी समोर खुर्ची ओढून बसली. त्यांना तुमचं काम बघायला आवडायचं, आज त्यांच्या वाटचं मी बघते, म्हणाली. मी पॉलिशपेपर हातात घेतला. हिला पहिल्यांदाच हात लावतोय असा चेहरा ठेवायचा होता. तो बऱ्यापैकी जमला.
पहिल्या चऱ्यावर कागद टेकवला तेव्हा तिने डोळ्याला पदर लावला. सांभाळून हं भाऊजी, म्हणाली, त्यांच्या हातचे आहेत.
सांभाळून घासले.