बोधगयेऐवजी पिंपळझरी

४ जून २००८, बुधवार

आज मध्यरात्रीपासून डिझेल तीन रुपयांनी महाग. संध्याकाळच्या बातम्यांत सांगितलं. तसाच उठलो, गाडी काढली, पंपावर गेलो — रांग पार रस्त्यावर आलेली. ट्रॅक्टरवाले, जीपवाले, कॅन धरून उभी माणसं. पाऊण तास थांबलो. माझा नंबर आला आणि पंपावरच्या माणसानं पाइप अडकवून टाकला. संपलं म्हणे!

टाकी अर्धी आहे. रविवारी निघायचं आहे. सांची, सारनाथ, बोधगया, कुशीनगर.

दोन वर्षं घातली या गाडीत. कॉलेजची मोडकी मिनीबस लिलावात घेतली. लोहाऱ्यातल्या वर्कशॉपवाल्या मुजफ्फरनं सीटा उपटून चार रुंद बाकं बसवली. दिवसा बसा, रात्री झोपा. मागच्या बाजूला ओटा, दोन बर्नरची शेगडी, टपावर पाण्याची टाकी. कॉलनीतले लोक तिला घरगाडी म्हणतात. एसटीवर बावीस वर्षं लोकांना त्यांच्या त्यांच्या गावी सोडलं. आपल्याला पाहिजे तिकडं गाडी न्यायची ही पहिलीच वेळ.

आणि मायला बोधगया दाखवायची. बाहत्तरची आहे ती. आता नाही तर कधी?

५ जून

आर्णीहून उकंडाभाऊचा फोन. माझ्या बायकोचे, ममताचे, थोरले भाऊ ते. बरोबर निघणाऱ्या तीन घरांत डिझेलचा खर्च वाटून घ्यायचं ठरलं होतं. म्हणाले, कापसाचं बियाणं घेतलं आणि हात रिकामा झाला, त्यात ट्रॅक्टरवाल्यानं आजच भाव वाढवला. तुमी जाऊन या, आमच्या नावानं मेणबत्ती लावा.

राहिली दोन घरं.

६ जून

राहिलं एक घर. तिसऱ्या घरचे रामराव गुरुजी स्वतः आले, चहा घेतला, पाच मिनिटं नुसते गाडीच्या चाकांकडं पाहत बसले. मग म्हणाले, पुढच्या वर्षी पाहू.

गॅस सिलिंडरही पन्नासनं वाढलं. ममता म्हणते, चाक फिरो की न फिरो, या गाडीत आता चहाही महाग. खरं आहे. पण मग काय करायचं? सोळा दिवसांची रजा मंजूर आहे. बाकांच्या गाद्या शिवून तयार आहेत. एकट्यानं तीन हजार किलोमीटरचं डिझेल टाकणं माझ्या पगारात बसत नाही. हे मायला कोणत्या तोंडानं सांगू?

७ जून

सांगितलं. ती गहू निवडत होती. "बरं," म्हणाली. मी रडारड होईल म्हणून धरून चाललो होतो. बोधगया, बोधगया म्हणून तीस वर्षं या घरात ऐकतोय — आणि फक्त "बरं"?

थोड्या वेळानं विचारलं, गाडीत किती डिझेल हाय? म्हटलं, अर्धी टाकी. पांढरकवड्यापर्यंत जाऊन येऊ, वर थोडं उरेल.

"मंग तिकडंच जाऊ. पांढरकवड्याच्या अल्याड पिंपळझरी हाय. उद्या बाजार असते तिथं. एक रात राहू."

मला काही समजलं नाही. पिंपळझरीत आपलं कोणी नाही. त्या रस्त्यानं मी शंभर वेळा एसटी नेली, मायनं कधी त्या गावाचं नाव काढलं नाही. बोधगयेऐवजी पिंपळझरीचा बाजार?

ममता म्हणाली, म्हाताऱ्या माणसाचं मन, चला. डबे भरायला लागली.

८ जून, रविवार. पिंपळझरी

गाडीतूनच लिहितोय. बाजाराच्या कडेला चिंचेखाली गाडी लावली आहे.

येताना गाडी पंचेचाळीसच्या वर नेली नाही. ॲक्सिलेटरवर पाय अंड्यावर ठेवावा तसा ठेवला. ममता हसत होती — एसटी अशी चालवली असती तर लोकांनी दगड मारले असते म्हणे.

माय बोधगयेसाठी ठेवलेली पांढरी साडी नेसून आली. दिवसभर खिडकीतून हलली नाही. उतर म्हटलं तर नाही. जेव म्हटलं तर नंतर. मग ममताला म्हणाली, मिरच्या घेऊन ये. घरी डबाभर मिरच्या आहेत! ममता घेऊन आली. तर म्हणे, आता त्या निळ्या छत्रीवालीकडच्या आण. अन् नाव विचार तिचं.

असं चार वेळा. चार बायका, चार पुड्या मिरच्या, चार नावं. प्रत्येक नावावर माय मान हलवायची — नाही.

ममतानं मला बाजूला घेतलं. म्हणाली, आत्याबाईचं डोकं तर ठीक हाय ना?

काय सांगू? मलाच माहीत नाही.

९ जून

सकाळी मात्र मजा आली. रात्री गाडी नाल्याजवळ नेऊन लावली होती. हायवेवरच्या ट्रकांचा आवाज लांबून येत होता, रानात मोर ओरडत होते. ममतानं पोहे केले. दारात पाय सोडून खाल्ले. वाटलं, इतक्या जवळही मुक्काम करता येतो, तर आपण कायले तीन हजार किलोमीटर मोजत बसलो होतो?

मायला विचारलं, कोणाला शोधून राह्यली तू?

"कोणाले नाही. बाजार पाह्यला."

परत आलो. उताराला गाडी बंद करून सोडली. ड्रायव्हरनं करू नये ते केलं. काटा लाल रेघेजवळ आहे.

११ जून

मुजफ्फर गिऱ्हाईक घेऊन आला. आर्णीचा मंडपवाला, नेमसिंग. त्याला भांडी आणि सतरंज्या न्यायला गाडी पाहिजे. बाकं काढून टाकीन म्हणतो. भाव बरा देतो. ममता म्हणते, देऊन टाका, दारात उभी राहून गंजून जाईल.

मुजफ्फर गाडीवरून हात फिरवत होता. जाताना म्हणाला, "बेचना है तो बेचो भाऊ, पन पहिले माँजीले विचारा."

१२ जून

विचारलं. मायनं हातातलं ताट खाली ठेवलं. "येता रविवार होऊ दे. मंग वीक गाडी."

पुन्हा पिंपळझरीच! मी चिडलो. म्हटलं, माय, डिझेल काय पाणी आहे का? बोधगया जमत नाही म्हणून गप्प बसली आणि त्या खेड्यातल्या बाजारासाठी हट्ट? एसटीनं जाऊ, मला तर पास आहे.

ती म्हणाली, एसटी थांबत नाही. दोन मिनिटं थांबते अन् चालली. मले बसून पाह्यला लागते.

काय पाहायला लागतं? ते सांगत नाही. मी जास्तच बोललो बहुतेक. आता वाईट वाटतंय.

१५ जून, रविवार

मुजफ्फरनं वर्कशॉपमधून एक कॅन डिझेल आणून टाकलं आणि स्वतःही आला. पैशाचं नाव काढू दिलं नाही.

आज माय खाली उतरली. काठी घेतली नाही. रांगेरांगेनं चालत गेली. मी वीस पावलं मागं. फडे विकणारी एक बाई बसली होती, शिंदीचे झाडू. पन्नाशीच्या पुढची, गोरी, कपाळावर मोठं कुंकू. माय तिच्यासमोर थांबली, एक फडा उचलला. बाईनं किंमत सांगितली. माय तिच्या हाताकडं पाहत राहिली. त्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याची जुनी खूण होती.

बाई म्हणाली, "काय पाह्यता माय? घ्यायचा असन तर घ्या."

मायनं फडा खाली ठेवला आणि वळली. माझा हात इतका घट्ट धरला की अजून बोटं दुखतात. "चल घरी" — एवढंच. मुजफ्फरनं पाणी दिलं, ते पिऊन गाडीत चढली.



१६ जून

माय घरात यायला तयार नाही. गाडीतच झोपली. जेवण तिथंच. म्हणते, इथं बरं वाटते. ममता रडवेली झाली — माझं काही चुकलं का? लोक काय म्हणतील, सासूला गाडीत ठेवलं?

मी गाडीच्या पायरीवर बसून राहिलो.

१७ जून

आज बोलली. सगळं नाही.

तिचं आधी एक लग्न झालं होतं. चौदाव्या वर्षी. पिंपळझरीत.

मला हे माहीत नव्हतं! सेहेचाळीस वर्षांत कोणी सांगितलं नाही. बाबांना माहीत होतं का? होतं म्हणे, सगळं माहीत होतं. ते कधी बोलले नाहीत, कारण तिनंच तसं मागून घेतलं होतं.

छप्पन साली तिचे वडील नागपूरला दीक्षेला निघाले. ती म्हणाली, मी पण येतो. सासरचे नको म्हणत होते. गावचा पाटील काम बंद करील, पाणी बंद करील म्हणून घाबरत होते. ती तरी गेली. तीन दिवस पायी, मग बैलगाडीत. परत आली तर दाराला आतून कडी. दिवसभर दारासमोर बसली. संध्याकाळी वडिलांनी उचलून नेलं. तेव्हा ती वीस वर्षांची होती.

मी विचारलं, आणि आता काय पाहायचं आहे तिथं? घर? तो माणूस जिवंत आहे का?

तो कवाचाच गेला, म्हणाली. मागच्या दसऱ्याला दीक्षाभूमीवर तिकडची एक बाई भेटली, तिनं काही सांगितलं. काय सांगितलं? "खात्री होऊ दे. मंग सांगतो. पहिले बोलली अन् खोटं निंघालं तर मी वाचणार नाही."

बोधगया? ते तुझ्या बाबाचं मन होतं, म्हणाली. मी हो ला हो म्हणत गेली.

डोकं फिरून गेलं. मी दोन वर्षं कोणासाठी गाडी बांधली? ही बाई जिला मी माय म्हणतो, तिला मी ओळखतो की नाही?

१९ जून

ममताला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. दुपारी भिशीचे पैसे आणून माझ्या हातात दिले. "डिझेल टाका." गाडी विका म्हणणारी तीच. काहून म्हणून विचारलं तर म्हणाली, दारासमोर दिवसभर बसवलं होतं ना त्यांना. ह्या खेपेला मी जातो त्यांच्यासोबत.

नेमसिंगला फोन केला. सोमवारनंतर पाहू म्हटलं. तो नाराज झाला.

२१ जून

टाकी भरली. पूर्ण नाही, जाऊन येण्यापुरती. मुजफ्फरनं ब्रेक पाहून दिले.

मायनं गाडीतला ओटा स्वतः पुसला. दूध, साखर, चहापत्ती घेतली. पाच कप घेतले. आम्ही तर मुजफ्फर धरून चौघंच जाणार. मी मोजून सांगितलं तर म्हणाली, राहू दे.

ती फडेवाली कोण असेल? त्या माणसाची दुसरी बायको? बहीण? झोप येत नाही. मायही जागी आहे, गाडीत दिवा दिसतो.

२२ जून, रविवार

ममता फडेवालीला चहाला म्हणून गाडीपर्यंत घेऊन आली. नाव भुरीबाई. पायरीवर बसली, आत यायला लाजत होती. मायनं चहा केला. कप देताना तिचा हात धरला आणि सोडला नाही. विचारलं, कसं भाजलं? ती म्हणाली, चुलीत हात घातला होता म्हणे लहानपणी, मले आठवत नाही. माय माझी मी दोन वर्षांची असताना वारली, सांगाले कोणी नव्हतं.

माय म्हणाली, "दार लावलं तवा तू आत होती. मंग मलेही तेच सांगितलं वं पोरी. तू मेली म्हणून."

मला बहीण आहे.