बाबांच्या हातून माझं मत

पीटर्सबर्गची छावणी, व्हर्जिनिया, १८ ऑक्टोबर १८६४

ती. बाबांना, नमस्कार वि. वि.

पुन्हा तेच लिहिलंत, की मी गाढव आहे! दिवसभर फौजेची खेचरं हाकतो, दुसरं काय होणार? पण मत लिंकनलाच. सोबत बंद पाकीट आहे. आपल्या न्यूयॉर्कात शिपायाचं मत घरच्या माणसानं पेटीत टाकायचं असतं, आणि मला तुमच्याखेरीज कोण आहे?

तुम्ही म्हणता, लिंकनच्या जागी मॅक्लेलन निवडून आला की दक्षिणेशी तह होईल, पोरं घरी येतील. येतीलही. पण आमचे कपडे धुणारी डॉर्कस लेकराला पाठीशी बांधून गुलामीतून, दक्षिणेतल्या मालकाकडून पळून आलीय. तह झाला की मालक तिला मागायला येणार. मग आपणच तिला हवाली करायचं? आणि हे अर्धवट विझवलेलं युद्ध पुढे आपल्या धाकट्या एमॉसला लढावं लागेल. आईला सांगा, माझा खोकला गेला.

रागवा, पण पाकीट टाका.
तुमचा जेरेड

घर, ९ नोव्हेंबर

चि. जेरेडला अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट चुलीवरच्या फळीवर पडून होतं. थोरल्या हायरमला आपण गेल्या वर्षी गेटिसबर्गच्या रणावर पुरलं. तू तरी राहावास म्हणून मी मॅक्लेलनला मत देणार, आणि तू माझ्याच हातानं लढाई लांबवायला सांगतोस! एकदा चुलीचं झाकण उघडलंही होतं. तुझी आई म्हणाली, जाळा खुशाल, पण मग पोराला पत्रात काय लिहाल?

काल दोन्ही मतं टाकली. आधी तुझं, मग माझं. पेटीवरचा माणूस हसून म्हणाला, की थॅडियस, एका मतानं दुसरं खाल्लं, मग आलास कशाला? मी म्हटलं, पोराचं टाकायला आलो.

तुझा माणूस जिंकल्याची तार आलीय. आता जिवंत ये.
तुझा बाप

पीटर्सबर्ग, २१ नोव्हेंबर

ती. बाबांना, नमस्कार.

पत्र डॉर्कसला वाचून दाखवलं. चुलीचं झाकण उघडलं तिथं तिनं लेकराला घट्ट धरलं, मग रडत रडत हसली. तुमच्यासाठी मोजे विणतेय, पायाचं माप विचारते. मी सांगितलं, डोक्याएवढे मोठे आहेत.

तुमचा माणूस हरला म्हणून मी हसत नाही, बाबा. घरी यायची घाई मलाही आहे. गोळ्या सुटल्या की गाडीखाली शिरतो, आईची शपथ. भांडत राहा, माया तेवढी आटू देऊ नका. पगार झाला, सोबत बारा डॉलर पाठवतोय.
तुमचा जेरेड