मेडिकलला एकदाही फेल न्हाई

३ फेब्रुवारी, सकाळी ६
उजव्या डोळ्यात काळे धागे तरंगून राहिले. धुतला, पुसला, जाईनात. चष्म्याचा नंबर असंल. नानीबाई म्हणे शुगरमुळं. बायकोला सगळं शुगरमुळंच वाटतं. अठ्ठावीस वर्षं हळदीचा ट्रक चालवला, लायसनच्या मेडिकलला एकदाही फेल न्हाई.

५ फेब्रुवारी
तांड्यावर सरकारी दवाखान्याची आशाताई, शितल, आली. रविवारी कळमनुरीला कॅम्प. शुगरवाल्यांच्या डोळ्याला लेझर फुकट, वर्षभराच्या गोळ्याही. बाहेर तीस हजार लागतात म्हणे. डॉक्टरची चिठ्ठी आणा म्हणाली. कुठली चिठ्ठी? सहा वर्षं झाली, दुकानदाराला जुन्या गोळ्यांचं रिकामं पाकीट दाखवायचं, नव्या घ्यायच्या. मग म्हणाली, हरकत न्हाई मामा, तिथं बोटाचं रक्त तपासतात.
तपासणी! म्हणजे तयारी आलीच.

६ फेब्रुवारी
जुना फॉर्म्युला. भाकर बंद, कारल्याचा रस, गोळी डबल. शेवटच्या दोन मेडिकल यावरच काढल्या. नानीबाईनं कपाळाला हात लावला. काहून उपाशी मरता, तिथं शुगर दाखवायची हाय, लपवायची न्हाई, असं काहीबाही. तिनं कधी मेडिकल दिली?

७ फेब्रुवारी
हातपाय कापून राहिले. घाम. चांगलं लक्षण.

८ फेब्रुवारी, दुपारी १
११८! मशीनवाली पोरगी म्हणाली, नॉर्मल. शेजारचा प्रेमदास २९०, पार फेल. फेलवाल्यांना आतल्या खोलीत नेऊन डोळे तपासून राहिले. बिचारे! मला सरळ बाहेर सोडलं. नानीबाई आत घुसून सांगू लागली, ह्यांना शुगर हाय. मी हसून म्हणालो, बाई घाबरट हाय, लक्ष देऊ नका.
११८ची चिठ्ठी स्टँडजवळ लॅमिनेट करून घेतली.

संध्याकाळी ६
गाडीत प्रेमदासनं सांगितलं, त्याचं नाव लेझरच्या यादीत आलं. यादी फेलवाल्यांचीच हाय. घरी येताच नानीबाईनं माझी चिठ्ठी पेटीत टाकली.

९ फेब्रुवारी
फेल व्हायला काय अक्कल लागते? शितल म्हणाली, डॉक्टर लोक आज दुपारपर्यंत हायेत. पाऊण किलो जिलबी खाल्ली, वर उसाचा रस. फर्स्ट क्लास फेल होणार.

दुपारी २
कॅम्पच्या खुर्च्या टेम्पोत चढल्या होत्या. त्या मशीनवाल्या पोरीनं दया येऊन बोट टोचलं. ४३६! इतका आनंद लायसन मिळालं तेव्हाही झाला न्हवता. पण यादी कालच गेली. माझ्या नावापुढं ‘शुगर न्हाई’ असा शेरा, तिनंच दाखवला. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा म्हणाली. मी यादीचंच बोलत राहिलो, हात जोडले. शर्टावर पाक सांडला होता, ते तिनं बघितलं. पुढच्या वर्षी या, म्हणाली.

२१ फेब्रुवारी
प्रेमदासचं लेझर झालं. भेटायला आला. त्यानं मला लांबूनच ओळखलं. मी त्याला आवाजावरून.

२ मार्च
उजवा डोळा झाकून लिहितो. उघडा ठेवला तरी तेच. आता डाव्यात धागे. लई भ्या वाटून राहिलं. नानीबाईला सांगितलं न्हाई.
आज तिनं पेटीतून ती लॅमिनेट केलेली चिठ्ठी काढली. म्हणाली, वाचून दाखवा. डोळ्याजवळ धरली, लांब धरली. पाठ होती म्हणून खणखणीत वाचली: एकशे अठरा, नॉर्मल.
तिनं चिठ्ठी माझ्या हातातून घेतली आणि सुलटी करून परत दिली.