डब्याची राखण

११ सप्टेंबर २०२५, गुरुवार
माझी लोणच्याची बरणी जमिनीवर आली. मला कुणी विचारलं? नाही. सोनिवलीच्या या फ्लॅटमध्ये आलो तेव्हाच ठरलं होतं, इन्व्हर्टरवरची फळी माझी, या तुळशीची. आता तिथे नातीचा काळा डबा. रिद्धी म्हणते, आजी, हा नोड आहे, याला इन्व्हर्टर जवळ लागतो. बरणीला काय लागतं ते कोण विचारतो?
असो. वहीला नमस्कार. चौथी पास बाईने रोजनिशी लिहू नये असा कायदा नाही.

१२ सप्टेंबर, सकाळी ९.१५
रिद्धीने समजावलं. ब्लॉकचेन म्हणजे असं समज, सातबारा एकट्या तलाठ्याकडे न ठेवता घराघरात त्याची नक्कल ठेवायची. कुणी गुपचूप खाडाखोड केली की बाकीचे पकडतात. ज्या डब्यात नक्कल राहते तो नोड. आणि तो चालवणारं सॉफ्टवेअर ओपन-सोर्स, म्हणजे गावकीची विहीर. पाणी सगळे भरतात, गाळ काढायला माझी नात. पगार नाही. तिचा आजोबा पण असाच येडा होता.
विहिरीची चावी, म्हणजे कोड बदलायचा हक्क, जगात पाच जणांकडे. ते रिद्धीला म्हणाले, तू जुना कोड साफ केलास, आता तो साध्या घरात एकवीस दिवस न थांबता चालवून दाखव. चालला तर घेऊ, आणि सहावी चावी तुला. पोरीने दोन वर्षं या चावीसाठी घासली आहेत. आज नऊला सुरू. ३ ऑक्टोबरला नऊला पुरे.
कोड साफ करण्यात माझा हात आहे. आठ ओळींवर कुणीतरी लिहून ठेवलं होतं, हे काढू नका. का, ते लिहिलं नाही. लिहिणारा कधीच सोडून गेलेला. रिद्धी दोन दिवस अडली. मी म्हटलं, माझ्या सासूने पण ट्रंकेला हात लावू नका म्हणून बजावलं होतं, उघडली तर चिंध्या. फेक. हसली आणि फेकल्या.
राखण मी करणार. मिठागरावर राखण केली आहे मी. निश्चय: डब्याला हात लावायचा नाही. कुणीच.

१५ सप्टेंबर
दुपारी पाऊण तास लाईट नव्हती. डबा चालू राहिला. रिद्धी म्हणते इन्व्हर्टरमुळे. समोर कोण बसलं होतं, इन्व्हर्टर की मी?
रामभाऊ वायरमन आला. दारातूनच परत पाठवला. सून संध्या म्हणाली, आई, गिझरसाठी मीच बोलावलं होतं त्याला. मी म्हटलं, एकवीस दिवस थंड पाण्याने कुणी मरत नाही.

१९ सप्टेंबर
डबा बाजूने छान ऊबदार. दह्याचं भांडं चिकटवून ठेवलं. तीन तासांत सुरीने कापावं असं दही. मी हात लावला नाही, भांड्याने लावला. संध्याने बघितलं. फोटो काढला.

२४ सप्टेंबर
शेजारच्या मोतीबाईला डबा दाखवला. लांबून. तिने विचारलं, माझा दीड गुंठा चढव ना यात, दीर खोटं बोलतो. मी म्हटलं, होऊन जाईल, पण दसऱ्यानंतर ये, सध्या टेस्ट चालू आहे. टेस्ट म्हटल्यावर ती जराशी सरकूनच बसली.

२८ सप्टेंबर
सोळा दिवस पुरे. रिद्धी आकडा बघते आणि नखं खाते. आजी, तुझ्यामुळे निभावतंय, असं म्हणाली. म्हणजे म्हणाली नाही, पण चेहरा तसा होता.
निश्चय परत: हात लावायचा नाही. दही सुद्धा नाही. (आज ठेवलं, कढी करायची होती म्हणून.)

२ ऑक्टोबर, दसरा, सकाळी १०
रिद्धी चिखलोलीला मैत्रिणीकडे गेली आहे. मी पूजा मांडली. कोयता, विळी, मुलाची बाईक, संध्याचं शिलाई मशीन. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडू. आज हत्याराला सुट्टी. कोयत्याने काडी पण तोडायची नाही, ही आमच्या घरातली रीत. आणि वीस दिवस राबलेला डबा तसाच घरघरत? चालत्या हत्याराची पूजा कुणी केली आहे का? मी तरी केली नाही.
सुट्टी दिली. बटण ऐकेना म्हणून पिनच काढली. हात लागला, पण तो पूजेचा हात. संध्याकाळी पिन लावीन, कुणाला कळणार पण नाही.

दुपारी १
कळलं.
रिद्धी लवकर परत आली. डब्यावरचा झेंडू बाजूला केला आणि खाली बसली. वीस दिवसांचं शून्य. पिन लावली तर डबा उठेचना. मी म्हटलं, झोपू दे, सण आहे. संध्या म्हणाली, आई, आता एक शब्द नको.

३ ऑक्टोबर, सकाळी ९
आज पुरे व्हायचे होते.
कारण सापडलं. त्याच आठ ओळी. अचानक बंद पडलं तर अर्धं लिहिलेलं पान सावरून डबा परत उठवायचं काम त्यांचं. इन्व्हर्टरमुळे गरजच पडली नव्हती. म्हणजे टेस्ट पास झाली असती, आणि जिथे जिथे लाईट गेली असती तिथे लोकांचे डबे मेले असते. मी जग वाचवलं! तसं बघितलं तर म्हातारीचं ऐकून कोण ओळी काढतं? पण हे मी रिद्धीला बोलले नाही. (बोलले. दोनदा.)
तिने पाचही जणांना खरं ते कळवलं. ओळी काढल्या तेही, झेंडू पण. उत्तर आलं: ओळी परत घाल, आणि एकवीस दिवस पहिल्यापासून. चावीचं नंतर बघू.

४ ऑक्टोबर
रिद्धी म्हणाली, आजी, तुझं नाव कोडमध्ये घातलं. कायमचं. मी पेढे आणवले, मोतीबाईला बोलावलं. रिद्धीने वाचून दाखवलं. यादी आहे. डबा कशाकशाने बंद पडू शकतो, त्याची. लाईट जाणे. डिस्क भरणे. उंदराने वायर कुरतडणे. तुळशी.
मोतीबाईने चार पेढे खाल्ले आणि दीड गुंठ्याचं नावही काढलं नाही.
पिनेवर संध्याने चिकटपट्टी मारली आहे. माझी खुर्ची बाल्कनीत. बरणी पण.
त्या पाचांतल्या जर्मनीवाल्याने विचारलंय, तुळशी म्हणजे नक्की काय, आणि बचाव कसा करायचा. त्याला उत्तर रिद्धीनेच द्यायचं. संध्याने मध्ये तोंड घालायचं नाही, फोटो तर अजिबात पाठवायचा नाही. आणि उत्तर देण्याआधी मला यादीत उंदराच्या वर घ्यायचं.